माहेर हुकलेल्या लेकीची बाग

लेक सासरी निघाली की आपल्याकडे तिची ओटी भरतात. कानडी घरात त्यालाच 'उडि तुंबोदु' म्हणतात. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड हे सगळीकडे असतंच; पण आपल्या भागातल्या पुष्कळ बायका आणखी एक वस्तू गुपचूप पिशवीत ठेवतात. परसातल्या मोगऱ्याची काडी, शेवंतीचा मुनवा, नाहीतर ओल्या फडक्यात गुंडाळलेला निशिगंधाचा कांदा. माहेर म्हणा की तवरुमने म्हणा, घर आणि शेत भावांचं. पण अंगणातलं एक रोप लेकीबरोबर जातं आणि सासरच्या मातीत रुजतं. इंग्लंडमधल्या एका बाईने हाच प्रकार फार मोठ्या प्रमाणावर केला. माहेरचं घर तिला मिळालं नाही, म्हणून तिने एका पडक्या गढीत बाग उभी केली आणि तिथल्या मनोऱ्यात पुस्तकं रचली. ती बाग बघायला आज जगभरातून लोक येतात.

मागच्या जूनमध्ये मी लंडनला लेकीकडे महिनाभर होते. बरोबर माझी धाकटी जाऊ होती. ती मूळची धारवाडची, माहेर पक्कं कानडी. घरात आमची भाषा अर्धी मराठी, अर्धी कानडी, आणि झाडांचं वेड दोघींना सारखंच. लेकीने विचारलं, राजवाडा बघायचा की म्युझियम? आम्ही म्हटलं, आधी एखादी चांगली बाग दाखव. तिने आम्हाला सिसिंगहर्स्टला पाठवलं.

लंडनच्या चेअरिंग क्रॉस स्टेशनवरून केंट परगण्याकडे जाणारी गाडी धरायची. तासाभरात स्टेपलहर्स्ट नावाचं लहानसं स्टेशन येतं. तिथून पुढे टॅक्सीने थोडंच अंतर. वाटेत सफरचंदाच्या बागा आणि टोकदार छपरांच्या गोल विटकरी इमारती दिसतात. बिअरमध्ये घालायची हॉप्सची फुलं वाळवण्याच्या त्या जुन्या भट्ट्या. मग झाडांच्या वर लाल विटांचा मनोरा डोकं काढतो, दोन बाजूंना दोन टोकदार टोप्या घातलेला. हेच सिसिंगहर्स्ट.

नोलची एकुलती एक लेक

या बागेची मालकीण व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट. जन्म ९ मार्च १८९२, केंटमधल्याच नोल नावाच्या अवाढव्य वाड्यात. नोलला ३६५ खोल्या, ५२ जिने आणि ७ चौक आहेत, असं लोक सांगतात. वर्षाचे दिवस, आठवडे आणि आठवड्याचे वार. मोजून कुणी पाहिलंय म्हणा! पण वाडा केवढा असेल याची कल्पना त्यावरून यावी. व्हिटा आईबापांची एकुलती एक. त्या चौकांत खेळतच ती मोठी झाली आणि वाड्याचा कोपरान् कोपरा तिला पाठ होता. १९२२ साली तिने 'नोल अँड द सॅकव्हिल्स' नावाचं त्या घराचं आणि घराण्याचं पुस्तकही लिहिलं.

ते लिहितानाच तिला ठाऊक होतं की हे घर आपलं होणार नाही. किताब आणि त्याबरोबरचा वाडा पुरुष वारसाकडेच जायचा, अशी त्या घराण्याची व्यवस्था होती. १९२८ च्या जानेवारीत वडील वारले आणि नोल तिच्या काकांकडे गेलं. एकुलती एक मुलगी, पण मुलगी! त्याच वर्षी वर्जिनिया वुल्फ या प्रसिद्ध लेखिकेची 'ऑर्लँडो' ही कादंबरी आली. व्हिटाचं आणि वर्जिनियाचं नातं मैत्रीच्या पलीकडचं होतं. ही कादंबरी व्हिटावरूनच सुचलेली आणि तिलाच अर्पण केलेली आहे. तिच्यातला नायक मध्येच स्त्री होतो, शतकानुशतकं जगतो आणि नोलसारख्याच एका वाड्यात वावरतो. कायद्याने जे घर लेकीला नाकारलं ते मैत्रिणीने कादंबरीत दिलं. त्या कादंबरीचं हस्तलिखित आज नोलमध्येच जपून ठेवलेलं आहे.

पडकी गढी आणि पणजीचं माहेर

व्हिटाचा नवरा हॅरल्ड निकल्सन परराष्ट्र खात्यात होता. तो तेहरानला असताना १९२६ साली ती इजिप्त, हिंदुस्थान आणि इराक असा वळसा घेऊन त्याच्याकडे गेली आणि त्या प्रवासावर पुस्तकही लिहिलं. दोघांच्या संसाराची रीत चारचौघांसारखी नव्हती. दोघांचीही लग्नाबाहेर प्रेमं होती. पण बागेच्या बाबतीत मात्र दोघांचं मन एक होतं. पहिली बाग त्यांनी नोलपासून अगदी जवळ, लाँग बार्न या घरी केली. ते घर १९१५ साली घेतलं होतं. माहेर दिसेल एवढ्या अंतरावर राहावं असं कुठल्या लेकीला वाटत नाही?

१९३० साली व्हिटाने सिसिंगहर्स्ट पाहिलं. एके काळचा मोठा वाडा, पण उरलं होतं काय? मधला मनोरा, दर्शनी इमारतीची एक लांब रांग, दोन सुटी घरं आणि बाकी नुसता राडा. १५७३ साली राणी एलिझाबेथ पहिली इथे तीन रात्री मुक्कामाला होती. पुढे अठराव्या शतकात, सात वर्षांच्या युद्धात, फ्रेंच कैदी इथे कोंडले गेले आणि त्यांनी वाड्याची पार वाताहत केली. 'सिसिंगहर्स्ट कॅसल' हे नावही त्या कैद्यांमुळेच पडलं म्हणतात. ते याला 'शातो' म्हणायचे, त्याचं इंग्रजीत 'कॅसल' झालं. किल्ला इथे कधीच नव्हता. त्यानंतर गावातल्या गोरगरिबांचं आश्रयस्थान झालं, मग शेतमजुरांची वस्ती. वीज नाही, नळ नाही, अंगणात गंजलेले पत्रे, मोडकी अवजारं आणि काटेरी झुडपं. ४०० एकर शेतीसह ही सगळी मिळकत १२,३७५ पौंडांना मिळाली.

पण व्हिटाला एक गोष्ट कळली आणि तिचा निर्णय पक्का झाला. सोळाव्या शतकात सिसिंगहर्स्ट बेकर घराण्याचं होतं. त्या घरची लेक सिसिली बेकर हिचं लग्न १५५५ साली टॉमस सॅकव्हिलशी झालं, आणि पुढे या टॉमसकडेच नोल आलं. म्हणजे सिसिंगहर्स्ट हे व्हिटाच्या पूर्वजांतल्या एका सुनेचं माहेर. आपलं माहेर हातचं गेलं तेव्हा व्हिटाने पणजीच्या पणजीचं माहेर विकत घेतलं! हे ऐकल्यावर जाऊबाई तिथल्या बाकावर बसल्या बसल्या हसत म्हणाली, "वैनी, ही बाई आपल्यातलीच की!"

फडताळं त्याची, पुस्तकं तिची

राडा उपसायलाच जवळजवळ तीन वर्षं लागली. मग हॅरल्डने कागदावर बाग आखली. सरळ वाटा, विटांच्या भिंती, यू नावाच्या सदाहरित झाडांची दाट कुंपणं आणि त्यांतून तयार झालेल्या एकापुढे एक खोल्या. प्रत्येक खोलीला छप्पर तेवढं नाही. एका खोलीत गुलाब, दुसरीत औषधी झाडपाला, तिसरीत सूर्यास्ताच्या रंगांची फुलं, कुठे हेझलच्या झाडांची राई. आखणी त्याची आणि लागवड तिची. कपाटाचे कप्पे नवऱ्याने करून द्यावेत आणि बायकोने ते पुस्तकांनी ओसंडेपर्यंत भरावेत, तसा हा कारभार. बागेत जमिनीचा तुकडा मोकळा दिसला की त्यात काहीतरी खोचायचं, भिंतीच्या फटीतसुद्धा, हा तिचा नियम. त्यामुळे रेषा कडक असूनही बाग कवायतीसारखी वाटत नाही. वेली वाटेवर येतात, गुलाब भिंतीवरून ओघळतात.

गंमत म्हणजे राहायला सलग घर नव्हतंच. दोघांच्या झोपण्याच्या खोल्या एका टोकाच्या साउथ कॉटेजमध्ये, स्वयंपाक आणि जेवण दुसऱ्या टोकाच्या प्रीस्ट्स हाउसमध्ये, तिची लिहायची खोली मधल्या मनोऱ्यात. जेवायला जायचं तरी छत्री घेऊन बाग ओलांडायची. आपल्या जुन्या वाड्यात चौकातल्या तुळशीला वळसा घालूनच स्वयंपाकघरात जावं लागायचं ना, तसंच काहीसं. दिवसातून दहा वेळा बाग पायाखालून गेली की कुठली कळी उमलली आणि कुठल्या पानाला कीड लागली ते आपोआप कळतं.

साफसफाईत काट्यांखाली एक जुना गडद किरमिजी गुलाब जिवंत सापडला होता. किती वर्षं तो तिथे तग धरून होता कोण जाणे. व्हिटाने तो जपला, वाढवला. आज तो 'सिसिंगहर्स्ट कॅसल' याच नावाने ओळखला जातो. तिला जुने गुलाबच प्रिय होते. वर्षातून एकदाच बहरणारे, पण सुगंधाने भरलेले. दुकानदारांनी मोडीत काढलेल्या जाती ती शोधून आणायची. जुन्या पुस्तकांच्या दुकानात धूळ झटकत बसणारी माणसं आपण पाहतो, त्याच जातीचं हे वेड.

मनोऱ्यातली खोली

मनोऱ्याला ७८ पायऱ्या आहेत, चक्राकार आणि अरुंद. गुडघे सांभाळत आम्ही चढलो. वाटेत पहिल्या मजल्यावर व्हिटाची लिहायची खोली लागते. आत जाता येत नाही, दारातून पाहायचं. १९६२ साली ती गेली तेव्हा जशी होती तशीच ठेवली आहे. जुनाट गालिचा, मेज, त्यावर वर्जिनिया वुल्फचा फोटो, इराणहून आणलेल्या निळ्या वस्तू आणि भिंतभर पुस्तकं. तिच्या हयातीतही या खोलीत फारसं कुणाला बोलावणं नसे. मुलांनीसुद्धा आत पाऊल टाकलं असेल ते मोजक्या वेळा. खाली पूर्वीच्या तबेल्याचं दिवाणखान्यात रूपांतर केलेलं आहे, तिथेही फडताळंच फडताळं. सिसिंगहर्स्टमधली एकूण पुस्तकं ११ हजारांच्या आसपास आहेत. दोघंही लेखक, दोघंही परीक्षणं लिहिणारे, त्यामुळे पुस्तकं येतच राहिली. वर्जिनिया आणि तिच्या नवऱ्याने घरी चालवलेल्या होगार्थ प्रेसचं एक जुनं छपाईयंत्रही मनोऱ्यात ठेवलेलं आहे.

व्हिटाने बागकामाचं शिक्षण कुठल्या कॉलेजात घेतलं नव्हतं. पुस्तकं, रोपवाटिकांच्या याद्या, दुसऱ्यांच्या बागा आणि स्वतःचे मातीचे हात यांवरच ती शिकली. शिकलेलं पुन्हा पुस्तकांत आलं. १९३७ साली आवडत्या फुलांवर 'सम फ्लॉवर्स' हे छोटं पुस्तक. १९४६ पासून १९६१ पर्यंत 'ऑब्झर्व्हर' या रविवारच्या पत्रात बागेवरचं सदर. तिचा एक सल्ला मला फार आवडला. कुठलं झाड कुणाच्या शेजारी लावावं कळत नसेल तर फुललेली एक डहाळी तोडून घ्या, ती हातात घेऊन बागभर फिरा, एकेका फुलाशेजारी मातीत खोचून बघा. रंग जुळले की जागा ठरली. साडीवर ब्लाउजपीस लावून बघतो, तसंच!

आणि पुस्तकाचं थेट फूल झाल्याचीही एक गोष्ट आहे. युद्धाच्या काळात तिने 'द गार्डन' हे दीर्घकाव्य लिहिलं. १९४६ साली ते प्रसिद्ध झालं आणि त्याला हाइनमन पारितोषिकाचे १०० पौंड मिळाले. बाईंनी ते सगळे पैसे अझेलियाच्या झुडपांवर खर्च केले. जुन्या खंदकाच्या भिंतीसमोर ती रांग मे महिन्यात फुलते. आम्ही गेलो तेव्हा तिचा बहर ओसरला होता, तरी तिथे थांबून पान हाती घेऊन बघितलंच.

मनोऱ्याच्या गच्चीवरून सगळी बाग नकाशासारखी दिसते. हिरव्या भिंती, आतले रंग, पलीकडे शेतं आणि रानं. जाऊबाईला धाप लागली होती, तरी तिच्या तोंडून निघालंच, "एष्ट छंद ऐति नोड्री, वैनी!"

पांढऱ्या फुलांची खोली

सिसिंगहर्स्टची सर्वांत गाजलेली खोली म्हणजे पांढरी बाग. १९५० च्या सुमारास ती लावली. फुलं सगळी पांढरी, पानं हिरवी किंवा राखी, दुसरा रंग नाही. मध्ये मांडवावर पांढऱ्या रानगुलाबाचा प्रचंड वेल, जूनअखेर ते जुलैच्या सुरुवातीला तो फुलांनी वाकतो. एवढा पांढरा रंग का? एक कारण घरगुती आहे. रात्री प्रीस्ट्स हाउसमध्ये जेवण झालं की झोपायला जाताना इथूनच जावं लागे, आणि अंधारात पांढरं फूलच दिसतं. तिन्हीसांजेला पांढरं घुबड या फुलांवरून तरंगत जावं, अशी कल्पनाही तिने सदरात रंगवली होती.

आपल्याला यात नवल वाटायला नको. मोगरा, कुंद, तगर, निशिगंध, पारिजात, रातराणी ही आपली संध्याकाळची आणि रात्रीची फुलं बहुतेक पांढरीच असतात.  रात्री उडणाऱ्या पतंगांना फिकट पाकळी आणि वास बोलावतो. मराठीत मोगरा, कानडीत मल्लिगे. इथे निशिगंध, तिथे सुगंधराज. आपली तगर ती त्यांची नंदिबट्टलु. परसात न्हाणीघराच्या भिंतीशी दहा फूट जागा असली तरी आपली पांढरी बाग होते. मोठा वाडा लागत नाही.

हक्क, सही आणि माती

व्हिटाजवळ पैसा होता, नोकरमाणसं होती, हे विसरून चालणार नाही. पाच-सहा एकरांची बाग एका बाईच्या दोन हातांनी होत नाही. १९५९ साली तिने पॅमेला श्वर्ट आणि सिबिल क्रॉइट्सबर्गर या दोन तरुणींना मुख्य माळी म्हणून नेमलं. दोघीही बिअट्रिक्स हॅव्हरगल या बाईंनी चालवलेल्या वॉटरपेरी इथल्या, मुलींसाठीच्या बागकाम शाळेत शिकलेल्या. १९९० पर्यंत, म्हणजे ३१ वर्षं, त्यांनी ही बाग सांभाळली आणि ती आज जी नावाजली जाते त्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

नोलची गोष्ट ऐकताना मात्र आम्हा दोघींच्या मनात आपलीच घरं येत होती. वडिलोपार्जित मिळकतीत लेकीला मुलासारखा हक्क महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांनी १९९४ साली दिला. त्याआधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. २००५ साली देशाचा हिंदू वारसा कायदाच बदलला आणि तो भेद गेला. वडील त्या वेळी हयात असोत वा नसोत, हक्क जन्मापासूनच आहे, असं सुप्रीम कोर्टाने २०२० साली स्पष्ट केलं. इंग्लंडात राजगादीवर मोठ्या मुलीचा हक्क २०१३ च्या कायद्याने आला, पण उमरावांचे बहुतेक किताब आजही मुलग्यांकडेच जातात. कायद्यात आपण पुढे आहोत. पण आपल्या किती बायकांनी भावाशी गोडी राहावी म्हणून हक्कसोडपत्रावर सही केली आहे, ते प्रत्येक घराला ठाऊक आहे. कुणी आनंदाने केली असेल, कुणाला तर कागद वाचूनही दाखवला नसेल. सही करण्याआधी लेकीला निदान विचारावं, वाटतं. व्हिटाला कुणीच विचारलं नव्हतं, आणि ती सल आयुष्यभर राहिली.

त्या सलीचाच दुसरा पदर असा, की तिलाही आपली बाग हातातून सुटणं सहन होत नव्हतं. बाग लोकांना दाखवण्यात तिला आनंद होता. १९३८ पासूनच एक शिलिंग घेऊन ती खुली होती आणि येणाऱ्यांशी ती मजेत गप्पा मारायची. पण १९५४ साली मुलगा नायजेल याने बाग नॅशनल ट्रस्टला द्यायची का असं विचारलं तेव्हा तिने साफ नकार दिला. त्या आधी १९४६ साली नोल ट्रस्टकडे गेलं होतं, तो घाव ताजा असणार. २ जून १९६२ रोजी ती गेली. वारसाकर भरणं नायजेलच्या आवाक्याबाहेरचं होतं. शेवटी १९६७ साली सिसिंगहर्स्ट ट्रस्टकडे गेलं आणि नायजेल २००४ साली मरेपर्यंत तिथेच राहिला. तसं झालं नसतं तर बाग तुकड्यांनी विकली गेली असती, आणि आपल्यासारख्यांना ती दिसलीही नसती.

जायचं असेल तर गुलाबांसाठी जून महिना चांगला. सकाळी लवकर पोचा, मनोरा आधी चढा, मग गर्दी होते. तिथली रोपं आणि बियाणं आणायचा मोह आवरा. परदेशातून झाडं किंवा बी आणायला सरकारी परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला लागतो. आम्ही त्याऐवजी तिच्या सदरातल्या लेखांचं एक पुस्तक आणलं. सध्या ते जाऊबाईकडे आहे. तिने त्यात तगरीची दोन पानं खूण म्हणून घातली आहेत, आणि मागच्या अंगणात भिंतीलगत सात आळी खणून ठेवली आहेत.